सोबत नोकर एक

"हे नेस गे. आणि ते अंगातलं पंजाबी सोंग काढून पिशवीत टाक."

मद्रासचं एग्मोर स्टेशन. फर्स्ट क्लासच्या बायकांची वेटिंग रूम. मामींनी ट्रंक उघडली, वरच्या रेशमी साड्या हळूच बाजूला केल्या आणि तळातून एक साडी ओढून काढली. पांढरी, निळ्या काठाची. धुतलेली होती, इस्त्रीपण होती. पण काठ विरलेला आणि पदराच्या टोकाला हळदीचा जुना डाग.

साडी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. बाकावर ठेवली. मी उचलायची.

कोपऱ्यात वेटिंग रूमची आया उकिडवी बसली होती. तिच्या अंगावर पांढरी साडी. निळा काठ.

"आणि हे बघ," मामी म्हणाल्या, "आता मामी मामी करू नको. अम्मा म्हण. गाडीत आपली माणसं असतात. विचारतात."

थांबा. मी फार भरभर सांगतेय. टाइप करतानाही माझं असंच होतं. बोटं पुढे पळतात, डोकं मागून येतं. आणि हे सगळं झालं तेही त्याच सवयीने झालं, म्हणून आधीचं आधी सांगते.

मी मद्रासमध्ये, नुंगंबाक्कमला एका ऑफिसात टायपिस्ट आहे. वय एकोणीस. रोज शहराबाहेरच्या आवडी गावाहून गाडीने जाते. आवडीला बाबा लष्करी कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर आहेत. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नाही, जातीचे शिंपी नाही. आमची घरं वेशीबाहेर. माझ्या आज्याला नवं कापड कधी मिळालंच नाही. गावात कुणी मेलं की मढ्यावरचं मिळायचं, नाहीतर कुणाचं तरी अंगावरून उतरलेलं. बाबा पलटणीत गेले आणि तिथे मशीन शिकले. घरातले देव त्यांनी काढून टाकले, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच दिवशी अजून एक गोष्ट घराबाहेर काढली. उतरलेलं कापड. "फाटकं घालीन, पण माझं फाटकं घालीन," असं म्हणतात. आम्हा भावंडांत एकच सक्त नियम. दुसऱ्याचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही. बाकी मार्क कमी पडले तरी काही बोलत नाहीत.

ऑफिसातले मॅनेजर तंजावरचे मराठी. त्यांची मराठी जुनी, गोड, मधेच तमिळमध्ये शिरणारी. पहिल्या दिवशी त्यांनी मला मराठीत हाक मारली ना, मला इतका आनंद झाला! मद्रासमध्ये ऑफिसात मराठी! मग त्यांनी घरी बोलावलं. त्यांच्या बायकोने जवळ बसवलं. "अय्यो, आपली मराठी पोरगी! मला मामी म्हण गे." मी म्हटलं. दर शनिवारी जायचे. मामींची पत्रं लिहून द्यायचे, त्यांच्या नातीला गोष्टी सांगायचे. त्यांनी दुसऱ्याच भेटीत आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यानंतर माझा कॉफीचा टंबळर, म्हणजे पेला, वेगळा झाला. मागच्या खिडकीत पालथा असायचा. मीच घ्यायचा, मीच धुवायचा.

मी बघितलं होतं. आणि बघितलंच नाही असं केलं होतं. हेही लिहिते, कारण सगळा दोष मामींवर टाकून मला मोकळं व्हायचं नाही.

मग मामींच्या भाचीचं लग्न निघालं, तंजावरला. साहेब मागून येणार होते. मामी म्हणाल्या, "तू चल माझ्यासंगती. पापा तुझ्याशिवाय जेवत नाही." पापा म्हणजे ती नात, चार वर्षांची. मी तर नाचतच घरी आले. आवडी ते नुंगंबाक्कम सोडून मी कुठे गेलेय? तंजावर! तिथे मोठ्या देवळाच्या भिंतीवर लांबच्या लांब मराठी कोरलंय म्हणतात. मी ते बोट लावून वाचणार होते.

बाबांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अंगावर काय घालणार?"

मी म्हटलं, "हिरवी साडी."

"दुपारची गाडी, दिवसभराचा घाम, कोळशाचे कण. साडी सांभाळशील की स्वतःला?" बाबा कपड्यांबद्दल बोलायला लागले की सुभेदार होतात. "सैनिकाला आम्ही काय देतो? हात उचलता आला पाहिजे, पाय टाकता आला पाहिजे आणि महत्त्वाची वस्तू अंगाला लागून पाहिजे. एवढं झालं की झाला प्रवासाचा कपडा."

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक पंजाबी मावशी आहेत. बाबांनी त्यांच्याकडून सलवार-कमीज मागून आणला, जमिनीवर पसरला, मापं घेतली आणि लगेच परत दिला. मग राखी रंगाचं जाड सुती कापड आणलं. नवं कोरं. चार रात्री मशीन चाललं. कमीजला दोन बाहेरचे खिसे, दोन आतले. आतल्या एकाला झाकण आणि बटण. "हा तिकिटाचा," बाबा म्हणाले. "तिकीट स्वतःच्या खिशात ठेवायचं. दुसऱ्याच्या नाही." खिशाच्या कोपऱ्यांना डबल टीप मारली होती, लष्करी मारतात तशी.

मी घालून बघितलं आणि अंगणात पळत सुटले. खरंच! पळता येत होतं! आई म्हणाली, "अगं घोडे, फिटलं का ते सांग आधी."

तर, त्या कपड्यात मी एग्मोरला पोचले होते. आणि बाकावर ती साडी होती.

मला राग आला असं वाटतंय ना तुम्हाला? नाही आला. मी साडी उचलली. खरं लिहायचं तर खरं लिहिते. मी "हो अम्मा" म्हणाले, कामवाल्या मालकिणीला म्हणतात तसं. तोंडातून निघून गेलं. एकोणीस वर्षांची, हायर टायपिंग पास, मिनिटाला साठ शब्द. आणि "हो अम्मा."

न्हाणीत गेले. साडी खुंटीला टांगली. गळ्याचं बटण काढायला लागले आणि हात चुकून आतल्या खिशावर गेला. रिकामा होता. तिकीट मामींकडे.

मागून ती आया बादली ठेवायला आली. माझ्याकडे बघितलं, खुंटीवरच्या साडीकडे बघितलं. मग जवळ येऊन माझ्या बाहेरच्या खिशाची शिवण दोन बोटांत धरली. ओढून बघितली. तुटेना.

"यार तैच्चदु?" कोणी शिवलं?

"अप्पा," मी म्हटलं.

"नल्ला इरुक्कु." छान आहे. एवढंच बोलली आणि बादली ठेवून गेली.

तिथे मला रडू फुटलं. कारण मला बाबा दिसले. मशीनवर वाकलेले. माझं बटण लावायचं राहिलं म्हणून पुन्हा दिवा लावणारे. मी हे काढणार आणि कुणाचं उतरलेलं नेसणार. त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक नियम मी एका न्हाणीत मोडणार, दोन मिनिटांत, आणि घरी जाऊन सांगणारपण नाही.

बटण लावलं. साडी तशीच घेऊन बाहेर आले.

"मामी, ही साडी कुणाची?"

"जुन्या आयेची. धुतलीय ना. नेसली नाहीस?"

"तिचं नाव काय होतं?"

मामींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चिनी भाषेत बोलले. "आया. आणि काय नाव?"

"मामी, माझं तिकीट बघू."

त्यांनी दिलं. का देऊ नये? त्यांना वाटलं मी नुसतं बघून परत देईन. मी वाचलं. आणि माझे कानच तापले. तिकीट फर्स्ट क्लासचं नव्हतं, साधं थर्डचंपण नव्हतं. नोकराचं होतं. माहीत नसेल तर सांगते, फर्स्ट क्लासच्या डब्याला लागून एक खुराडं असतं, लाकडी बाकांचं. साहेबलोकांचे नोकर तिथे बसतात. स्टेशन आलं की उतरून पळत साहेबांच्या दाराशी जायचं, पाणी हवं का, पोराला शी लागली का. शिट्टी झाली की पळत परत.

पण कान तापले ते त्यामुळे नाही.

हे तिकीट काढायचं पत्र मी टाइप केलं होतं.

मी! साहेबांनी मजकूर सांगितला आणि माझी बोटं पळाली. फर्स्ट क्लास, मोठं माणूस एक. लहान मूल एक. सोबत नोकर एक. एकही चूक नाही. खोडलेलं अक्षर नाही. साहेबांनी सही करताना म्हटलंसुद्धा, "व्हेरी नीट." आणि मी हसले होते. तंजावरला जाणारी तीन माणसं कोण ते मला माहीत होतं. तरी तो नोकर कोण हे डोक्यात आलं नाही. टायपिस्टने मजकूर वाचायचा नसतो, नुसता उतरवायचा असतो. तेच आम्हाला शिकवतात. मी ते फार छान शिकले होते.

"मामी, मी या डब्यात बसणार नाही."

"मग काय माझ्या शेजारी बसतेस?"

"मी नोकर नाही. मी टायपिस्ट आहे."

"पापाला कोण बघणार? आता? गाडी लागली!" मग आवाज खाली आणून, दात न हलवता, त्यांच्या त्या गोड जुन्या मराठीत म्हणाल्या, "घरात घेतलं, कॉफी दिली. तुमच्या लोकांना जवळ केलं की हेच."

तुमच्या लोकांना. म्हणजे सगळं त्यांना माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं. खिडकीतला टंबळर आम्ही दोघींनी मिळून इतके महिने सांभाळला होता.

मला साडी फेकायची होती. पण ती दुसऱ्या एका बाईची होती, तिने तिच्यात किती उन्हाळे काढले असतील. मी नीट घडी घातली आणि बाकावर ठेवली, वर ते तिकीट. पापा माझ्या सलवारला धरून रडायला लागली. तिचा हात सोडवताना मला फार वाईट वाटलं. सोडवला. दाराशी आया उभी होती. मी तिला नाव विचारलं. आधी ती घाबरली. मग म्हणाली, "मुनियम्मा."

एग्मोरहून चालत सेंट्रल, तिथून आवडी. मोठी ढांग टाकत चालले. कपडा कुठेच अडत नव्हता.

बाबा अंगणात होते. "गाडी चुकली?"

"नाही. सोडली." सगळं सांगितलं. पत्राचंही. "हो अम्मा" म्हटल्याचंही. बाबा उठून जवळ आले. मग माझी बाही धरून उलटी केली, शिवण बघितली. "नोकरी जाईल," म्हणाले. "उद्या हेच घालून जा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. तंजावरहून मामींची तार आली होती. माझ्या कपड्यांकडे बघितलं. ओरडले नाहीत. "झालं ते झालं. मामीला माफीचं पत्र टाक. मी सांगतो, तू टाइप कर." आणि सांगायला लागले: अचानक तब्येत बिघडल्यामुळे मी येऊ शकले नाही, झालेल्या त्रासाबद्दल…

मी मशीनवर बसले. कार्बन घातला. बोटं पळाली. पण या वेळी मी वाचत होते.

मी आजारी नव्हते. मला सोबत म्हणून बोलावलं आणि नोकर म्हणून तिकीट काढलं. मला सांगितलं नाही. मी नकार दिला. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

साहेबांनी वाचलं. "ह्याचा अर्थ कळतो तुला?"

"हो."

त्यांनी कागद फाडला. कार्बन कॉपी मी आधीच फाईलला लावली होती, तिकिटाच्या पत्राच्या कॉपीच्या वर.

महिनाअखेर मला काढणार आहेत. तसं कळवलंय. आई रात्री उसासे टाकते, धाकट्याची फी आहे, मला भीती वाटते. हे संपलेलं नाही आणि गोड झालेलं नाही.

पण काल दुसऱ्या साहेबांचं पत्र आलं टाइपला. बंगळूरचं तिकीट. फर्स्ट क्लास, मोठी माणसं दोन. सोबत नोकर एक.

मी उठले आणि त्यांच्या टेबलाशी गेले.

"सर, नाव काय?"

"कुणाचं?"

"नोकराचं."

"रेल्वेला नाव लागत नाही."

"मला लागतं," मी म्हटलं आणि तिथेच उभी राहिले. मशीनवर कागद तसाच आहे. नाव येईपर्यंत तो कोराच राहील.