आतडं जागं होईपर्यंत

माझ्या सासूबाईंना कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. तिथं त्या 'थोडंसंबाई' होत्या. उभी हयात त्यांनी कॅन्टीनच्या काउंटरमागे काढली, हातात डाव धरून, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक ताटाला एकच वाक्य: "अजून थोडंसं घ्या." पोरं चेष्टा करायची. "आज थोडंसंबाई आहेत रे, पट्टा एक भोक सैल करा!" त्याचा त्यांना राग यायचा नाही. पण ताटात अन्न टाकलं की मग तो साहेब असो नाहीतर हेल्पर, सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली जायची.

घरी तरी वेगळं काय? लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही बाई मला खाऊ घालूनच मारणार. मी पडले तोंडाळ, सरळ नाही म्हणायची. आमचं कडाक्याचं भांडण झालं तरी जेवायच्या वेळेला ताट समोर यायचं. "भांडण माझ्याशी आहे ना? भाजीनं काय केलंय तुझं? जेव." तोंडात घास असताना भांडणार कसं, तुम्हीच सांगा.

सासरे त्याच कारखान्यात पाइपफिटर होते. वाफेची लाइन, पाण्याची लाइन, कुठे गळतंय ते नुसता हात लावून सांगायचे. बोलणं मोजकंच. ते जेवायला सगळ्यात शेवटी यायचे, गर्दी ओसरल्यावर, म्हणजे बायकोला पाच मिनिटं टेकायला मिळतील. हे मला कॅन्टीनमधल्या दुसऱ्या बाईनं सांगितलं. ते दोघं असलं काही बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हतेच. एकमेकांना खेटून बसलेलं मी त्यांना फक्त बसमध्ये पाहिलं, तेही दुसरी जागा नव्हती म्हणून.

रिटायर झाल्यावर एका दुपारी सासरे बाजारातून पोट धरून आले आणि जेवायला नको म्हणाले. सासूबाईंनी भाजीची पिशवी तिथंच टाकली. "ह्यांनी जेवणाला नाही म्हटलं? गाडी बोलाव आधी." मी म्हटलं, जरा गॅस झाला असेल, थांबून बघू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं फोन उचलला. बरं झालं. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं आणि डॉक्टरांनी थेट ऑपरेशनला घेतलं.

ऑपरेशन करणारी डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाहेर येऊन तिनं आम्हाला समजावलं ते दोन खाटांमधला पडदा हातात धरून. "आतडं पोटात नुसतं कोंबलेलं नसतं. ते पाठीकडून टांगलेलं असतं, या पडद्यासारखं. वर धरलंय ती जागा वीतभर, आणि खाली चुण्याचुण्यांचा घेर सहा मीटरचा. रक्त याच पडद्यातून खाली आतड्याला जातं." मग तिनं पडदा मुठीत धरून पिळला. तरुणपणी त्यांचं अपेंडिक्स काढलं होतं, त्या जागी आत एक चिवट पट्टा तयार झाला होता. त्याच्याभोवती आतड्यानं गिरकी घेतली, रक्त तुटलं आणि हातभर आतडं काळं पडलं. तेवढं कापून तिनं चांगली टोकं एकमेकांना शिवली होती.

सासरे दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, नाकात नळी, हाताला सलाइन, आणि डॉक्टरला पहिला प्रश्न काय विचारला? "जोड कसला घातलाय?"

"दोऱ्याचा."

"मग लगेच प्रेशर देऊ नका."

डॉक्टर हसली. "तेच सांगायला आलेय, बाबा. तोंडानं काही नाही. थेंबसुद्धा नाही."

सासूबाईंनी विचारलं, "थोडंसं सूप?"

"नाही."

"मग साखरपाणी तरी? नुसतं जिभेवर?"

"आजी, ऑपरेशनमध्ये हात लागला की आतडं झोपी जातं. हलतच नाही. वरून घातलेलं पुढे सरकणार कसं? लहान आतडं आधी जागं होतं, मग जठर, मोठं आतडं सगळ्यात शेवटी. तोवर थांबायचं." नाकातली नळी कशाला, तेही तिनं सांगितलं. आपण काही खाल्लं नाही तरी लाळ, जठरातलं आम्ल, यकृताचं पित्त, स्वादुपिंडाचा रस, असं सगळं मिळून दिवसाला बादलीभर आत पाझरतच असतं. एरवी आतडं ते परत शोषून घेतं. आता ते झोपलेलं, म्हणून नळीवाटे बाहेर काढायचं. खाटेच्या कडेला पिशवीत ते हिरवं पाणी जमत होतं आणि सासूबाई त्याच्याकडे बघत बसायच्या.

आतडं जागं झाल्याची खूण दोन: पोटाला स्टेथोस्कोप लावला की गुडगुड ऐकू येणार, आणि वारा सरणार. माझा नवरा इतका सोवळा की 'पादणं' हा शब्द ऐकला तरी उठून जाईल. तो रोज सकाळी बापाच्या कानाशी वाकून विचारायचा, "बाबा, झालं का?" शेजारचा पेशंट, मिशाळ ट्रक ड्रायव्हर, तोही पडल्या पडल्या विचारायचा, "काका, हॉर्न वाजला का?" हसू यायचं, पण मग सिस्टर येऊन ऐकायची आणि मान हलवायची. आत सगळं शांत.

पाणी शिरेतून मिळत होतं, पण ते घशाला थोडंच कळतं? त्यांची जीभ फळकुटासारखी झाली होती. ओठ ओले करायला सासूबाईंना ओला कापूस फिरवायची परवानगी होती, तर ते कापूसच दातांत धरायचे. मग त्या हळूच सोडवून घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी मी तिथंच उभी होते.

"पाणी दे."

"नाही सांगितलंय हो."

"एक घोट."

"नाही."

"अगं, एक!" त्यांचा आवाज फुटला. "आख्ख्या जगाला वाढलंस जन्मभर. आणि मला घोटभर पाणी नाही? वैरीण आहेस का माझी?"

सासूबाईंच्या हातात त्यांची स्वतःची बाटली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "जा, बाहेर ठेवून ये." सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मागोमाग त्याही बाहेर आल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "उभ्या जन्मात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं गं. मागायच्या आधीच मी पुढे करायची. आज पहिल्यांदा मागितलं." असं म्हणून त्या रडायला लागल्या. मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पाणी कमी जमलं म्हणून नाकातली नळी काढली. तोंडानं मात्र अजून बंदच. आयानं कोमट पाण्याचं भांडं उशाशी आणून ठेवलं, सासूबाईंनी त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले. मी डबा घेऊन पोचले तेव्हा ते शांत पडले होते. दुपारी मात्र पोट पुन्हा टणक झालं आणि भडभडून उलटी झाली. पडल्या पडल्या झाली, त्यामुळे थोडं श्वासनळीत गेलं. त्यांचा चेहरा काळानिळा पडला. सगळे धावले. नळी परत घातली, तर पित्ताबरोबर फिकट पाणीच पाणी आलं.

सिस्टरनं पिशवीकडे पाहिलं. "हे पाणी आहे. कुणी पाजलं यांना?"

सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. ट्रक ड्रायव्हरचीसुद्धा.

"आई," माझा नवरा म्हणाला, "चार दिवस कुणाला न भरवता राहवलं नाही का तुला?"

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "मी इथं असताना झालं. माझंच चुकलं."

झालं! एवढं पुरे होतं. सासऱ्यांना आयसीयूत हलवलं आणि दारावर सांगून ठेवलं की त्या आजींना आत सोडायचं नाही. डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. फुफ्फुसात पाणी गेल्यानं न्यूमोनिया झालाय, पोट असंच फुगत राहिलं तर जोड सुटेल, आणि जोड सुटला तर दुसरं ऑपरेशन त्यांना झेपणार नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याशी कडकडून भांडले. "मी स्वतः पाहिलंय त्यांना नाही म्हणताना!"

"तेव्हा नाही म्हणाली असेल. नंतर दिलं असेल. तू ओळखत नाहीस का तिला?"

खरं सांगते, त्याच्या बोलण्यात मला खोट काढता येईना, आणि म्हणून माझा आणखी संताप झाला.

सासूबाई आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी पाव आणि उकडलेलं अंडं नेलं, ते तसंच मांडीवर पडून राहिलं. दार उघडून कुणी बाहेर आलं की त्या उठायच्या. "आवाज आला का हो?" "नाही, आजी." परत बसायच्या.

मी शेवटी विचारलंच. "आई, तुम्ही दिलंत का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, नाही दिलंत."

"मग झालं तर."

"अहो, मग सांगा ना तसं! तुमचा पोटचा पोरगा तुम्हाला नाही नाही ते बोलतोय!"

"मी नाही म्हटलं तर कुणाचं नाव येईल?" त्या म्हणाल्या. "त्या माणसाला श्वास घेता येत नाहीये. त्याला जाऊन कुणी ओरडायला नको. मला ओरडलेलं चालतं." मग त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "फक्त मी इथं बाहेर असताना काही व्हायला नको गं. मला आत नाही का नेता येणार तुला?" मी दारावरच्या माणसाला विनवलं, मग शिव्याही घातल्या. तो जागचा हलला नाही.

ताप दोन दिवस चढत गेला. तिसऱ्या दिवशी थोडा उतरला. त्या दुपारी मी आत असताना सिस्टरनं त्यांच्या पोटावर स्टेथोस्कोप टेकवला, सरकवला, पुन्हा टेकवला. मग तो स्वतःच्या कानातून काढून तिनं माझ्या कानाला लावला. आधी काहीच नाही. मग खूप लांब, टाकीत कुठेतरी नळ गळावा तसं काहीतरी. मला रडूच फुटलं. सिस्टर म्हणाली, "थांबा हो, अजून वारा सरायचाय."

तो सरला दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला खणखणीत. मी दार ढकलून बाहेर पळाले. भेटायला आलेल्या माणसांनी व्हरांडा भरला होता, पण कशाची लाज आणि कशाचं काय. "आई! पादले! बाबा पादले!" लोक वळून बघायला लागले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडल्या, इतक्या दिवसांचं सगळं.

नाकातली नळी निघाली. डॉक्टर म्हणाली, आज एक चमचा पाणी, फक्त एक, आणि मग बघू. सासऱ्यांच्या घशातून खरखरीत आवाज आला. "ती कुठाय?"

"बाहेर आहे," माझा नवरा म्हणाला. "तिला आत सोडत नाहीत. तिनं तुम्हाला पाणी पाजलं ना, म्हणून..."

सासरे त्याच्याकडे बघतच राहिले. "कोण म्हणालं पाजलं? अंग पुसायचं पाणी होतं, त्यात तोंड घातलं मी. गुरासारखं. ती टॉवेल पिळायला गेली होती."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो तडक बाहेर गेला. बाकावर त्यानं आईला काय म्हटलं ते मला माहीत नाही. आला तो तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून, तिचा हात धरून. दारावरच्या माणसाला त्यानं विचारलंसुद्धा नाही.

सासूबाई खाटेशी उभ्या राहिल्या. सिस्टरनं चमचा त्यांच्याच हातात दिला. एक थेंब सांडू न देता त्यांनी तो सासऱ्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी पाणी तोंडात धरून ठेवलं, कितीतरी वेळ, मग गिळलं. घशाची गाठ वर गेली, खाली आली. आम्ही सगळे त्या गाठीकडे बघत होतो.

"ओळखलं होतंस ना तू?" त्यांनी विचारलं. "आल्या आल्या माझी कॉलर पुसलीस."

सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. मग चमचा दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाल्या, "एक सांगू का? त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही अजून एकदा मागितलं असतंत ना, तर दिलं असतं मी. डॉक्टर नाही, कुणी नाही, कुणाचं ऐकलं नसतं. माझ्या हातून दिलं असतं."

"माहीत होतं मला," सासरे म्हणाले. "म्हणून तर नाही मागितलं."