पोथीची सोडलेली दोन पानं

त्या राणीनं आपल्या मुलाचं डोकं उखळात कांडलं, हे मी पहिल्यांदा वाचलं ते पंधरा-सोळा बायांसमोर, मोठ्यानं. पुढे काय येणार ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. वाचता वाचताच कळलं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी आंजीजवळच्या एका खेड्यात नांदायला आले. मी चौथी पास. आमच्या आळीत वाचता येणारी दुसरी बाई नव्हती. आधी एक म्हातारे गृहस्थ पोथी वाचत, पण त्यांची नजर गेली होती. पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी बायांना सांगून टाकलं, “यंदा पोथी माही सून वाचते.” मला चार माणसांत तोंड उघडायची सवय नव्हती. माहेरी पाहुणे आले की मी पाण्याचा तांब्या ठेवून आत पळायची. पण सासूबाईंना नाही म्हणता येतं, हेही मला माहीत नव्हतं.

पोथीची पानं सुटी, आडवी, लाल कापडात बांधलेली. मी मान खाली घालून वाचत होते. एक राजा आणि राणी, दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही असं त्यांचं व्रत. देव त्यांची परीक्षा घ्यायला गोसाव्याच्या वेषात येतो आणि जेवायला त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं मांस मागतो. शाळेतून आलेला मुलगा आनंदानं तयार होतो. आई त्याला मारते, रांधते, पण मुखडा बघायला म्हणून डोकं तेवढं लपवून ठेवते. पाहुण्याला तेही कळतं. तो म्हणतो, ते उखळात घाल आणि कांड. डोळ्यांतून एक टिपूस आला तर मी उठून जाईन. मग ती गाणं म्हणत कांडते.

मी तिथंच थांबले. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. “वाच,” त्या म्हणाल्या. मी वाचलं. पुढे पाहुणा म्हणतो, ज्या घरी मूल नाही तिथं मी जेवत नाही, मुलाला हाक मार. ती अंगणात जाऊन हाक मारते आणि मुलगा धावत येतो. बायांनी हात जोडले. कोणी डोळे पुसले. प्रसादाची केळी वाटली गेली आणि लगेच कोणाच्या म्हशीनं दूध चोरल्याच्या गप्पा सुरू झाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या बाया, प्रत्येकीला लेकरं, आणि कोणाला काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला मिरच्या कांडायच्या होत्या. आमचं उखळ परसात जमिनीत पुरलेलं होतं. मुसळ हातात घेतलं आणि माझ्याच्यानं ते खाली येईना. शेजारच्या काकू कुंपणाशी उभ्या होत्या. तोंडानं फटकळ, पण माझ्यावर माया करत. त्या म्हणाल्या, “काय वो, मुसळाची आरती करून राह्यली का?”

मी कधी कोणाला काही विचारत नसे. त्या दिवशी विचारलं. “काकू, देवाला लेकराचं मांस काऊन लागते?”

“मांस नाई लागत पोरी. परीक्षा घेते तो. शाळंत मास्तर नाई घेत का?”

“घेते.”

“मंग?” काकूंनी पदर खोचला. मग स्वतःच म्हणाल्या, “पण मास्तर नापास करते. कांडत तं नाई.” आणि हसत घरात गेल्या.

मला हसू आलं नाही. देवाला जर सगळं ठाऊक असतं, तर राणी कशी आहे हेही ठाऊकच असणार. मग विचारलं कशाला? लोक म्हणतात, मूल परत मिळालं ना. मिळालं. पण मुसळ उचलताना तिला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना तिनं ते उचललं, आणि त्यालाच सगळे भक्ती म्हणत होते. मी दुसऱ्या कोणाशी हे बोलले नाही. श्रावणात आणि शिवरात्रीला पोथी वाचत राहिले. डोळ्यांनी अक्षर घ्यायचं, तोंडानं सोडायचं, मधे मनाला फिरकू द्यायचं नाही.

मला मुलगी झाली. ती दोन वर्षांची झाली त्या साली शिवरात्रीला मी वाचायला बसले, आणि ती खेळून दमून माझ्या मांडीवर झोपली. तिचं डोकं माझ्या डाव्या हातावर होतं. घामानं केस कपाळाला चिकटले होते. पाहुणा मागणं मागतो तिथवर मी आले. पुढचं पान उचललं, त्याच्या खालचंही उचललं, आणि दोन्ही पालथी घातली. पाहुणा प्रसन्न झाला, राजाराणीला वर दिला, असं शेवटचं वाचून मी हात जोडले.

काकू उठताना म्हणाल्या, “आज अध्याय लवकर सरला बाई. सून शिकली आता.” सासूबाईंनी पोथी कापडात बांधली आणि कोनाड्यात ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

पंधरा दिवसांत पोरीला ताप आला. डोळे लाल, नाक वाहतं, आणि चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं. गोवर. आमच्याकडे त्याला माता आली म्हणतात. सासूबाईंनी लगेच घर हातात घेतलं. दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली. पोरीच्या उशाशी निंबाचा पाला ठेवला. चुलीवर फोडणी बंद, डोक्याला तेल बंद, बाहेरच्यांना घर बंद. औषधाचं तर नावच काढायचं नाही. औषधानं माता कोपते.

मी विचारलं, “अंग फार तापलं हो आत्याबाई.”

“तापनच. माता हाये आंगात. पाहुणी आली घरी, तिले जे पाह्यजे ते घेईन आन् जाईन.”

पाहुणी. जे पाहिजे ते घेईल! माझ्या घरात एकच घेण्यासारखं होतं.

पुरळ काळं पडून उतरायला लागलं, तसं सगळ्यांना वाटलं आता बरी होते. पण ताप उतरला नाही. पोरगी श्वास भराभर घ्यायला लागली. नाकपुड्या फुगत, आणि फासळ्यांच्या खाली कातडी आत ओढली जाई. रडायलाही तिच्यात जोर नव्हता. मी नवऱ्याला म्हटलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊ. ते वाईट माणूस नव्हते. पोरीकडे बघून त्यांचा चेहरा उतरायचा. पण ते म्हणाले, “माय म्हणते ना, दोन दिवस पाह्यू.” आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मला एकच दिसत होतं. मी पान सोडलं होतं. देवाच्या गोष्टीतून मी मूल वाचवलं, म्हणून तो माझं न्यायला आला होता. मग आता काय करायचं? निमूट बसून मातेची आज्ञा पाळली तर अपराध फिटेल? का उठून गेले तर दुसरा अपराध होईल, आणि पोरगी रस्त्यातच जाईल? मी रडतही नव्हते. मातेसमोर रडायचं नसतं, असं सासूबाईंनी सांगितलं होतं.

दुपारी सासूबाई पोरीला निंबाच्या डहाळीनं वारा घालत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. “आत्याबाई, शिवरात्रीले म्या दोन पानं सोडली होती. लेकराचं सोडलं. माह्याच्यानं ते वाचनं झालं नाई.”

मला वाटलं, आता त्या मला मारतील. त्या वारा घालतच राहिल्या. “मले मालूम हाये,” त्या म्हणाल्या. “तीस-पस्तीस सालापासून आयकतो मी पोथी. तुले वाटलं मी झोपली होती?”

“मंग बोलल्या काऊन नाई?”

त्यांनी पोरीच्या उशाचा पाला सारखा केला. मग जे बोलल्या ते पोरीकडे बघत, माझ्याकडे नाही.

“तुह्या नवऱ्याच्या आंधी मले एक पोरगा होता. चार सालाचा. त्याले अशीच माता आली होती. असाच दम लागला होता. माही सासू म्हणे, रडू नोको, माता खपा होते. म्या नाई रडली. गाणे म्हटले मातेचे. तीन दिवस म्हटले. चवथ्या दिवशी गेला.”

पाच वर्षं मी त्या घरात होते. त्या मुलाचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही आपल्याला भाऊ होता हे ठाऊक नव्हतं.

“त्याले मातीत देऊन आले सारे,” सासूबाई म्हणाल्या, “आन् मी आंगनात गेली. हाक मारली त्याले. पोथीत हाये तशी. तीन खेपा मारली. आजूबाजूच्या बाया दारात येऊन पाहून राह्यल्या होत्या.”

“मंग?”

“मंग काय! सासूनं हाताले धरून घरात आनलं.”

मी म्हटलं, “तरी तुमी दर साली तेच आयकता? मले वाचाले लावता?”

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं. “पोथीत तरी तो येते ना! त्याच्यासाठीच आयकतो. तू तेच पान सोडलं. मारलंच नाई, तं राणी हाक कायले मारीन?”

मी एक मूल वाचवलं असं समजत होते, आणि या बाईचं वर्षातून दोनदा धावत येणारं मूल मीच अंगणाबाहेर ठेवलं होतं. आणि एवढं होऊनही त्यांच्या हातात निंबाची डहाळी होतीच. दाराला बांधलेलीही तशीच होती. मला वाटलं होतं, असं ज्या बाईच्या वाट्याला आलं ती दुसऱ्या बाईला म्हणेल, ऊठ, पळ. त्या म्हणत नव्हत्या.

पोरीनं एक लांब श्वास ओढला आणि कण्हली. सासूबाईंचा हात थांबला.

“मी इहिरीवर जातो,” त्या उठत म्हणाल्या. “घागरी दोनच हायेत, पण मले वेळ लागन. तुले जे करायचं ते कर. मले इचारू नोको. मले इचारलं तं मी नाईच म्हणीन.”

घागरी घेऊन त्या गेल्या. मी पोरीला लुगड्यात गुंडाळलं आणि सडकेवर आले. कोणाला न विचारता उंबरठा ओलांडायची माझी ती पहिली वेळ. वर्ध्याची एस. टी. आली. पोरीच्या केसांत निंबाची पानं अडकली होती. ती पाहून एका बाईनं जागा सोडली, पोरीला हात जोडले आणि लांब जाऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, “मातेले कुठं घेऊन चालल्या बाई?”

“दवाखान्यात,” मी म्हटलं.

“मातेले?” तो म्हणाला. मग पोरीच्या छातीकडे त्याची नजर गेली, आणि त्यानं तिकीट फाडून घंटी मारली. वर्ध्याला त्यानंच मला सेवाग्रामच्या गाडीत बसवून दिलं.

दवाखान्यात नर्सनं पोरीचा झगा वर केला आणि माझ्यावर ओरडली, इतके दिवस काय करत होतात म्हणून. मी काय सांगणार? पोथी, पान, पाहुणी, यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. गोवर छातीत उतरला होता. सुया सुरू झाल्या, नाकाला नळी लावली. संध्याकाळी नवरा धापा टाकत आले, सायकलनं. मला वाटलं बोलतील, पण ते खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी डोळे उघडून म्हणाली, “भाकर.” मी तेव्हा रडले. इतक्या दिवसांचं एकदम रडले.

त्याच दिवशी दुपारी सासूबाई आल्या. गावातल्या कोणासोबत वर्ध्यापर्यंत, तिथून एकट्या. त्या वॉर्डात आल्या, पोरगी बशीतून दूध पीत होती ते पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. तिला उचलून घेतील. त्या खाटेपासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा होत गेला, की मी घाबरले.

“काय देल्लं इले?” त्यांनी विचारलं.

“सुई.”

“अखीन?”

“अखीन काई नाई. सुई आन् नळी.”

“बस सुई?” त्या म्हणाल्या. “नवस नाई, काई नाई?”

“नाई.”

त्या खाली फरशीवर बसल्या. पदर तोंडाशी धरला. मी पोरीला सोडून त्यांच्याजवळ गेले. तेव्हा मला कळलं की माझी पोरगी वाचली, हेच त्यांना सहन होत नव्हतं. तिच्यावर राग नव्हता. पण ती दूध पीत बसली होती, म्हणजे तोही बसला असता. तीन दिवस गाणी म्हटली ती कोणासाठी?

“तवा होती का वो ही सुई?” त्यांनी मला विचारलं. “माह्या पोराच्या टायमाले?”

मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. मी चौथी शिकलेली, पण आमच्या घरात वाचणारी मीच, म्हणून असले प्रश्न त्या मला विचारत, आणि मी सांगेन ते खरं धरत.

“नव्हती आत्याबाई,” मी म्हटलं. “तवा निंघालीच नव्हती.”

“खरं सांगतं?”

“खरं.”

“मंग काय करता,” त्या म्हणाल्या. जरा वेळानं डोळे पुसून त्यांनी पोरीच्या पायाला हात लावला.

दारातून नर्स येताना दिसली. या तिला विचारतील. तिला नक्की ठाऊक असेल. मी उठले, सासूबाईंचा हात धरला, साडेतीनची गाडी चुकेल म्हणाले, आणि त्यांना घाईघाईनं फाटकापर्यंत सोडायला गेले.