बालरोग विभागातली अडतीस वर्षांची पेशंट

चंद्रपूरच्या दवाखान्यात लहान मुलांच्या ओपीडीपुढच्या बाकावर मी बसले की शेजारची बाई हमखास विचारते, "बाळ कुठी आहे?" पूर्वी मी सगळं समजावून सांगायची. आता सांगते, "बाळ मीच आहे," आणि ती जरा सरकून बसते. माझं वय अडतीस, तहसील कचेरीत कारकून आहे, चष्मा लागलाय. तरी वजन करायला मला भिंतीवरच्या रंगीत जिराफाशेजारी उभं करतात. उंचीची पट्टी माझ्या कपाळाशी संपते.

मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत चिकट कफ साठत राहतो, अन्न पचायला प्रत्येक जेवणासोबत गोळ्या लागतात आणि घामावाटे मीठ निघून जातं. आजार जन्मापासूनचा. दोनदा टीबीचा कोर्स करून झाल्यावर, मी नववीत असताना एका बालरोगतज्ज्ञांनी तो ओळखला. "दहावीपर्यंत तर पोचवू," ते बाबांना म्हणाले. मी दाराशीच उभी होते. दहावी झाली, बारावी झाली, नोकरी लागली. त्यापुढचं कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या लग्नाचा विषय घरात निघालाच नाही. वाईट वाटलं असणार, पण नेमकं केव्हा वाटलं ते मला सांगता येणार नाही.

तेच डॉक्टर अजून मला तपासत होते. मोठ्यांच्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकात वाचलेला, तोही परीक्षेपुरता. यंदा मे अखेरीस डॉक्टर निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांनी मेडिसिनचे, म्हणजे मोठ्यांना तपासणारे, सहा नवे डॉक्टर गोळा केले आणि मला सिंदेवाहीहून बोलावलं. "सहातल्या एकाले तरी तू समजली पाह्यजे, पोरी," ते फोनवर म्हणाले. "नाई तं पुढच्या उन्हाळ्यात तुले कोण पाहीन?" त्यांचं बरोबर होतं. मी रजा टाकली.

आजाराचं नाव मी सांगायचं नाही, त्यांनी शोधायचं, अशी रीत असते. सहा जण आळीपाळीनं छातीला नळी लावत होते, जीभ बघत होते, पाठीवर ठोकत होते. मला बाजारात आणलेल्या बैलासारखं वाटलं, पण त्याचीही सवय झाली आहे. पहिल्यानं टीबी सांगितला आणि औषध मधेच सोडलं होतं का, असं दरडावून विचारलं. दुसऱ्यानं चुलीचा धूर धरला. माझ्याकडे गॅस आहे म्हटल्यावर तो हिरमुसला. त्यांच्यातलीच अहेरीकडची एक मुलगी माझी फुगलेली नखं उलटसुलट करून बघत राहिली.

शेवटी डॉक्टरांनीच नाव सांगितलं. "पण सर, हा तर लहान मुलांचा आजार आहे," एक जण म्हणाला.

"लहान मुलं मोठी होतेत, साहेब," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी प्रत्येकाला माझ्यासाठी सल्ला लिहायला लावला. एका उंच पोरानं चटकन लिहून कागद माझ्या हातात दिला. या आजारापायी मला शुगरही झाली आहे; मी इन्सुलिन घेते एवढंच त्यानं ऐकलं होतं. भात कमी, तूप बंद, मीठ कमी. चाळिशीच्या आसपासच्या कोणालाही ओपीडीत हेच मिळतं. अक्षर मात्र सुरेख होतं.

"आता तू शिकव या पोरायले," डॉक्टर मला म्हणाले.

मी सांगितलं. मागं एका मोठ्यांच्या डॉक्टरांनी मला अशीच चिठ्ठी दिली होती आणि मी ती महिनाभर पाळली. कारकुनाला लेखी आदेश मोडवत नाही. ऐन एप्रिलात मूल गावच्या एसटी स्टँडवर पायांत गोळे आले आणि मी पडले ती दवाखान्यातच शुद्धीवर आले. तीन दिवस सलाईन लागलं. "उन्हाळ्यात मी ताकात चमचाभर मीठ टाकून पेते. वरणावर तूप घेते. दुसऱ्यायले तुम्ही जे बंद करता, ते मले जास्त लागते," मी म्हटलं. कंडक्टरकडे तिकीट मागावं तशा आवाजात मी हे सांगत होते. पोरानं कागद परत मागून घेतला, 'कमी' खोडून 'जास्त' लिहिलं आणि स्वतःच्या वहीत ठेवला. मला तो बरा वाटला.

तेव्हा ती नखं बघणारी मुलगी म्हणाली, "बाई, हाडाची तपासणी कधी झाली?"

"नाई झाली."

"करून घेऊ. तुमच्या आजारात हाडं लवकर झिजतेत. पाळी गेल्यावर अजून झिजन. आतापासून नाई पाह्यलं तं पन्नाशीनंतर तुमाले जड जाईन."

ती सहज बोलली, कोणत्याही बाईला सांगावं तसं. मी डॉक्टरांकडे पाहिलं.

"हे मी सांगाले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "पण तुह्या बाबतीत मी तेवढ्या लांबचं कधी पाह्यलंच नाई, पोरी."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या मुलीचा. इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवली होती, मीही तीत होते, आणि हिनं कोणाला न विचारता ती मोडली. ती मात्र खाली मान घालून फॉर्म भरत होती. "मंगळवारी याल का? माह्याच ओपीडीत या, वरच्या मजल्यावर," ती म्हणाली. मी हो म्हटलं. ज्या कामासाठी रजा टाकली होती ते झालं होतं.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. मूल गाव येईपर्यंत मी काहीच विचार केला नाही. पुढे हात थंड पडायला लागले तेव्हा शुगर उतरली असेल म्हणून बिस्किटं खाल्ली, पण ते शुगरचं नव्हतं. मला भीती वाटत होती, कित्येक वर्षांत वाटली नव्हती तशी. पन्नाशीला अजून बारा वर्षं होती, आणि त्यांतल्या एकाही वर्षासाठी मी काही म्हणजे काही ठरवून ठेवलेलं नव्हतं.