गाण्याखाली गेलेला आवाज

हर्षिताला गाण्याचा सुगावा आधी लागायचा. आज चार पोरं ज्या गाण्यावर हातवारे करतायत, त्यावर येत्या शुक्रवारी अख्खं म्हैसूर हातवारे करणार, हे ती सोमवारीच सांगायची. फोनवर गाण्याच्या नावाशेजारी तो वर जाणारा बाण दिसला की हातातलं ताट बाजूला ठेवून ती व्हिडिओ करायला उठे. उशीर केला तर गाणं शिळं होतं आणि शिळ्या गाण्याला कुत्रंही विचारत नाही, हे तिचं शास्त्र होतं. या शास्त्रावर ती तीन-चार दुकानांची कामं करायची: नजरबादमधलं एक बुटीक, एक चपलांचं दुकान, एक केक करणारी बाई. पण तिचं नाव झालं ते या कुणामुळे नाही. ते झालं अप्पांमुळे.

अप्पा म्हणजे तिचे वडील, गुरुराव. मंडी मोहल्ल्यातल्या एका बोळात त्यांचं रंगाचं दुकान. घराणं रंगाऱ्यांचं, म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते कुणालाच धड ठाऊक नाही. भाऊबंदांनी केव्हाच धंदा सोडून बँका, बस आणि बांगड्यांची दुकानं धरली. गुरुराव तेवढे हंड्याला चिकटून राहिले. बायका साडी घेऊन यायच्या, सोबत पांढरा फॉल नाहीतर ब्लाउजपीस. गुरुराव साडीचा पदर उजेडात धरायचे, हंड्यात रंगाची चिमूट टाकायचे आणि तासाभरात जोड जुळवून द्यायचे. नमुना हातात नसेल तर मात्र हंडाच पेटवायचे नाहीत. 'नुसतं तोंडानं सांगितलेला रंग मला दिसत नाही,' म्हणायचे.

हंड्यांच्या समोरच्या भिंतीला साड्या कडक करायचं रोलिंग मशीन. ते चालवायची त्यांची बायको, अनुसूया. इकडे बर्नरचा घरघराट, तिकडे मशीनचा खडखडाट. कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येणार नाही असा तो कारखाना. त्यामुळे लग्न झाल्यापासून दोघं एकमेकांच्या ओठांवरूनच बोलत आली. पाणी आण, बर्नर कमी कर, ती बाई पुन्हा आली बघ, सगळं ओठांवर. भांडणसुद्धा तसंच व्हायचं, आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, काय समजूतदार जोडपं आहे!

हर्षिताला हे जमायचं नाही. ती दुकानात वाढली, पण कानात इअरफोन घालून वाढली.

पहिला व्हिडिओ सहज झाला. एक गाणं नुकतंच वर निघालं होतं. आधी हळू, मग क्षणभर शांतता, मग धाडकन ठेका. हर्षिताच्या डोक्यात आलं, शांततेत पांढरी ओढणी हंड्यात जावी आणि ठेक्यावर राणी रंगाची बाहेर यावी. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "आयतु, चालेल. तुझं गाणं कुठं पडतं ते हातानं दाखव, तिथं मी वर काढतो." म्हातारा तालाला पक्का निघाला. ओढणी ठेक्यावर अशी वर आली की आठवडाभर लोक तेच बघत राहिले. बंगळूरहून पुनीतचा, तिच्या भावाचा, फोन आला: "अगे, आमच्या ऑफिसात अप्पा फेमस झालेत!"

मग ते रोजचंच झालं. नवं गाणं, नवा रंग. गाणं आधी निवडायचं, मग त्याच्यावर चित्रीकरण. असं केलं की फोन समोरचं काहीच ऐकत नाही, त्यात फक्त गाणं राहतं. कधी साधा व्हिडिओ काढला तर आधी मूळ आवाज शून्यावर, मग वर गाणं, आणि मूळ फाइल कचऱ्यात, कारण फोन सारखा भरायचा. हर्षिताला यात काही वावगं वाटलं नाही. बर्नरची घरघर कोण ऐकणार? सगळेच असं करतात. हंड्यात कापड सोडण्याआधी अप्पा मान वर करून तिच्याकडे बघत काहीतरी बोलायचे. ती स्क्रीनकडे बघत 'हं हं' करायची आणि हात वर करून ठेक्याची खूण द्यायची.

दसऱ्याच्या गर्दीनंतर एका दुपारी अप्पा स्टुलावर बसले आणि उठलेच नाहीत. हातात फिकट पिस्ता रंगाचा फॉल होता, ओला. अनुसूयेनं मशीनपलीकडून ओठांवर काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं मशीन बंद केलं.

हर्षिता रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. कसला धीर? गुडघा आपटला की आधी नुसतं बधिर होतं आणि मग कळ येते. हिची कळ आलीच नाही. दवाखान्याच्या बाकावर तिचा अंगठा फोनवर फिरत होता, आणि कुठलं गाणं वर चाललंय हे तिला तिथंही दिसत होतं. त्या दिवसांत वडिलांवरचं एक रडकं गाणं जोरात होतं. हजारो लोक आपापल्या बापाच्या फोटोखाली ते लावत होते. हर्षितानं अप्पांचा फोटो घेतला, ते गाणं लावलं, टाकून दिलं. लोक खाली हमसून रडले. अनोळखी बायकांनी लिहिलं, आमचेच वडील गेल्यासारखं वाटतंय. हर्षितानं प्रत्येकीला लाल बदाम पाठवला. स्वतःला काही वाटतंय का, हे तिनं चाचपून बघितलं. काही नव्हतं. दहावं झाल्यावर तिनं चपलांच्या दुकानाचा व्हिडिओ करून दिला, आणि तो चांगला झाला.

महिन्याच्या विधीला पुनीत आला. पानं उठली, पाहुणे गेले. अनुसूया चटईवर भिंतीला टेकून बसली होती. इतके दिवस ती कुणाशी फारशी बोललीच नव्हती. आज म्हणाली, "हर्षे, अप्पांचा आवाज लाव की गं. एकदा ऐकूया."

"लावते की," हर्षिता म्हणाली. "एवढे व्हिडिओ आहेत."

तिनं पहिला लावला. ठेका आला, ओढणी आली, अप्पा हसले. आवाज त्या गाण्याचा. दुसरा लावला. दुसरं गाणं. तिसऱ्यात एक विनोदी संवाद होता, कुणा भलत्याच माणसाचा, आणि अप्पांचे ओठ त्याच्याखाली स्वतःचंच काही बोलत होते. हर्षिता खाली खाली सरकवत गेली. गुलाबी, हळदी, मोरपिशी, जांभळा. प्रत्येक रंगावर एक गाणं बसलेलं, आणि ती गाणीही आता शिळी झालेली, कुणी न विचारणारी.

"रॉ फाइल तरी असेल की?" पुनीतनं विचारलं.

"फोन भरायचा रे. डिलीट केल्या."

"एकसुद्धा नाही? व्हॉइस मेसेज?"

"त्यांचा तो बटणांचा फोन. त्यात कुठला मेसेज?"

पुनीत म्हणाला, "आमच्याकडे एक जण आहे. थोडासा आवाज मिळाला तरी पुढचं हवं ते कंप्युटरकडून त्याच आवाजात बोलवून देतो. फक्त नमुना पाहिजे."

"नमुना नाही," हर्षिता म्हणाली.

हे तिनं इतक्या सपाट सुरात सांगितलं की पुनीतला राग आला. "तू रोज त्यांच्यासमोर फोन धरून उभी होतीस हर्षे. रोज! आणि तुझ्याकडे एक शब्द नाही?" तो उठून बाहेर गेला. त्याचं बरोबरच होतं. हर्षितालाही ते पटलं, एखाद्या परक्या बाईबद्दल ऐकावं तसं. जगातल्या सगळ्यांच्या बापाचा आवाज त्यांच्या पोरांच्या फोनमध्ये कुठंतरी पडलेला असतो. ज्या बापाला अर्धं म्हैसूर ओळखतं, त्याचा तेवढा नव्हता, आणि तो पुसला होता तिनं स्वतःच्या हातानं. हे तिला स्पष्ट कळत होतं. तरी आत काही हलत नव्हतं, आणि या न हलण्याचीच आता तिला भीती वाटायला लागली होती.

"गाणं बंद कर," अनुसूया म्हणाली.

"बंद केल्यावर काहीच नाही अम्मा. सुम्ने, नुसतं चित्र."

"चित्रच दाखव."

हर्षितानं फोनचा आवाज पूर्ण कमी केला आणि तो आईच्या हातात दिला. अनुसूयेनं चष्मा लावला. पडद्यावर गुरुराव ओढणी झटकत होते. त्यांचे ओठ हलले, आणि अनुसूया बोलायला लागली. जरा जाड आवाजात, शब्द ओढत, थेट त्यांच्यासारखं:

"चढ गं बाई, चढ. पोरीचा मान राख."

हर्षितानं वर बघितलं.

"रंगाला म्हणतायत," अनुसूया आपल्या आवाजात म्हणाली. "कापड सोडताना म्हणायचेच. तुझे आजोबा पण म्हणायचे. तुला ठाऊक नाही होय?"

तिला ठाऊक नव्हतं. तिनं अंगठ्यानं पुढचा व्हिडिओ आणला. अनुसूयेला पळभरही वेळ लागला नाही. "अनसू, बर्नर कमी कर, पोरगी घामेजलीय." त्याच्या पुढचा. "ह्या बाईचा पोपटी कधी जुळणार नाही, तिनं साडीच उन्हात टाकलीय." हे म्हणताना अनुसूया हसली. गाण्याखाली गेलेला माणूस ओठाओठानं वर येत होता. बाहेर गेलेला पुनीत केव्हा दारात येऊन उभा राहिला, ते दोघींना कळलं नाही.

मग हळदी रंगाचा व्हिडिओ आला. अप्पांनी मान वर केली, सरळ फोनकडे बघितलं.

"हर्षे, माझं बोलणं येतंय की नाही त्यात?" अनुसूया म्हणाली.

हर्षितानं पुढचा लावला. जांभळा. अप्पांनी मान वर केली.

"माझं बोलणं येतंय का गं त्यात?"

मोरपिशी.

"येतंय नव्हे?"

"हे विचारायचे ते?" हर्षितानं विचारलं.

"दर वेळी विचारायचे. आणि तू 'हं हं' म्हणायचीस. मी मशीनवरून बघायची की!" अनुसूयेच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. "त्यांना वाटायचं, कापड कसं सोडायचं, रंगाला काय म्हणायचं, ते सगळं लोकांना ऐकू जातंय. आपल्यानंतर कुणी करणार नाही, निदान बोललेलं तरी राहील, म्हणायचे."

शेवटचा व्हिडिओ दसऱ्याच्या आधीचा होता. तांबडा रंग, कुलदेवी हिंगुलांबिकेच्या तसबिरीखाली ठेवलेला हंडा. अप्पांनी ओढणी सोडली, खुणेची वाट बघितली, बरोबर ठेक्यावर वर काढली. हसले. ओठ एकदाही हलले नाहीत.

"ह्यात काय म्हणाले?"

"ह्यात काही नाही म्हणाले."

"का?"

अनुसूयेनं चष्मा काढला. "त्याच्या आधी शकुंतलाबाई आल्या होत्या फॉल द्यायला. त्यांनी फोनवर दाखवलं, बघा तुमचा व्हिडिओ. ह्यांनी पूर्ण बघितला. परत लावा म्हणाले, परत बघितला. त्या गेल्यावर मला म्हणाले, पोरीनं गाणं छान लावलंय. मी म्हटलं, हर्षेला सांगते, तुमचं बोलणंही घे म्हणून. तर म्हणाले, बेड. नको. तिचं काम आहे ते. मी आपलं ठेक्यावर वर काढलं म्हणजे साकु, पुरे."

खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तिच्यातसुद्धा हर्षितानं ओळखावं असं एक गाणं वाजत होतं, आणि तिनं ते ओळखलंही. त्या क्षणी स्वतःच्या कानांचा तिला मनापासून वीट आला. महिनाभरात आत काही हललं ते हे पहिल्यांदाच.

तिनं आईच्या हातातून फोन घेतला आणि मागं नेला. मोरपिशी, जांभळा, हळदी. हळदीवर थांबली. फोन पुन्हा आईसमोर धरला.

"परत म्हण अम्मा."

अप्पांनी मान वर केली. बर्नरच्या वाफेत डोळे बारीक करून ते तिच्याचकडे बघत होते. अनुसूया म्हणाली, "हर्षे, माझं बोलणं येतंय की नाही त्यात?"

"नाही अप्पा," हर्षिता म्हणाली. "येत नाही."