आईच्या माहेरची टीम

आमच्या गावात कबड्डीचं वेड कोणाला जास्त, असं विचारलं तर लोक दहा जणांची नावं सांगतील. त्यात माझ्या आईचं नाव नसेल, कारण बारा वर्षं तिला मैदानावर कोणी पाहिलंच नव्हतं. मी मात्र तिचंच नाव घेते. का, ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. प्रयत्न करते.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून जवळ. जानेवारीच्या शेवटी विहारामागच्या मोकळ्या जागेत कबड्डीचे खुले सामने होतात. चुन्याच्या रेषा, चार बाजूंनी बांबू, दोन भोंगे, आणि माईकवर एक निवृत्त गुरुजी. कोणी पडलं की ते आधी ‘अरे बाप्पा!’ म्हणतात आणि मग गुण सांगतात. लांबलांबून टीम येतात. त्यातली एक अकोल्याच्या पलीकडून येते. ती आईच्या माहेरची.

गावनात्यानं त्या टीममधले सगळे माझे मामा. राखीव धरून दहा मामा. त्यातला एक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, आणि मला चारचौघांत ‘काय भाची’ म्हणायला त्याला फार आवडतं. पिकअपमधून उतरले की हे मामा मैदानावर जात नाहीत. आधी आमच्या घरी येतात, ‘जय भीम, ताई’ म्हणतात आणि पंगत मांडून बसतात. आई आदल्या दिवसापासून तयारीला लागलेली असते. ज्वारीच्या भाकरी, पातोडीची म्हणजे बेसनाच्या वड्यांची रस्साभाजी, ठेचा, भात. किती जेवतात ते सांगत नाही. मग ते मैदानावर जातात आणि हरतात.

इतक्या वर्षांत फार तर दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांची मजल गेली. बाबा गवंडीकाम करतात. त्यांच्या मते यात आईचा हात आहे.

“आपल्या गावाले पकड कराले मानूसच नाई लागत,” ते म्हणतात. “हिची पातोडी हाय ना! चार भाकरी खाल्ल्यावर मानूस खाली वाकते का?”

“तुमी त रोजच खाता,” आई म्हणते. “म्हनूनच कामाले वाकत नाई का?”

आता दुसरी बाजू. बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, आमच्या गावच्या टीमचा कप्तान. तो चांदूरला ऑटो चालवतो आणि आमच्याच घरात राहतो. संध्याकाळी अंगणात एकटाच चढाईचा सराव करतो. आई बाजूच्या चुलीवर भाकरी टाकत असते. त्याचा दम किती टिकतो ते ती भाकरीवर मोजते. भाकर तव्यावर पडली की त्यानं ‘कबड्डी कबड्डी’ सुरू करायचं.

“भाऊजी, आज पलटायच्या आधीच दम सरला.”

“वहिनी, तुमचा तवा थंडा हाय.”

काकाची एक खोड फक्त आमच्या घरात माहीत होती. परत फिरायच्या आधी तो उजवा हात मांडीला पुसतो आणि मग दर वेळी डाव्या अंगानंच फिरतो. बघणाऱ्याला कळत नाही, कारण हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढ्यात होतं. आईला ते चुलीपाशी बसून बसून कळलं, आणि आईमुळे मला.

आई मैदानावर का जात नव्हती तेही सांगायला हवं. माहेरची टीम पहिल्यांदा आली तेव्हा मी दुसरीत होते. आई मला घेऊन बायकांच्या बाजूला बसली होती. सामना आमच्याच गावाशी होता. एका मामानं चांगली पकड केली आणि आईनं जोरात टाळी वाजवली. एकटीनंच. सगळ्या बायकांनी मागं वळून पाहिलं. शेजारची काकू हसून म्हणाली, “काय वं, आपलं गाव इकडं हाय ना!” वाईट कोणीच बोललं नाही. पण आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले ते सामना संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत. पुढच्या वर्षापासून ती घरी थांबायला लागली.

घरामागच्या टाकीपाशी भोंगा स्पष्ट ऐकू येतो. तिथं ती हातात धान्याचं सूप घेऊन उभी राहते. माहेरच्या गावाचं नाव आलं की सूप थांबतं. कोणत्या वर्षी कोणता मामा कितव्या चढाईत बाद झाला, तिला सगळं पाठ आहे. खुद्द मामांना ते आठवत नाही.

मी आता अमरावतीला वसतिगृहात राहून बीए करते आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे तिथल्या बोलण्यात पडायला मला अजून वेळ लागतो. आमच्या खोलीत क्रिकेटवरून जोरदार भांडणं होतात. टीम हरायला लागली की एक मैत्रीण मोबाईल उशीखाली कोंबते आणि तासाभरानं काढते. एकदा तिनं मला विचारलं, “तू कोणाची फॅन?” मी म्हटलं, मला त्यातलं फारसं कळत नाही. खरं तर मला आईबद्दल सांगायचं होतं. पण टाकीपाशी सूप घेऊन उभ्या असलेल्या बाईबद्दल कसं सांगायचं ते कळलं नाही, म्हणून राहिलं.

यंदा सामन्यांसाठी मी घरी गेले. पहिल्या दिवशी मामांची टीम जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जिंकली. बाबा म्हणाले, “पातोडीत काई कमी पडलं वाटते.” आणि भोंग्यावर जाहीर झालं की दुपारी उपांत्य सामना आहे, आईचं माहेर विरुद्ध आमचं गाव.

मधल्या वेळात मामा जेवायला आले. आईनं मुद्दाम भाकरी कमी टाकल्या होत्या. जेवताना कप्तान मामा म्हणाला, “ताई, औंदा शेवटचं समज. तिघं जन पुन्याकडं कंपनीत चालले. पुढच्या साली टीम जमत नाई.”

आईचा वाढता हात थांबला. मला कळलं. बारा वर्षं ऐकलेली टीम, आणि एकदाही स्पर्धा जिंकताना न ऐकलेली. आता झालं तर यंदाच.

धाकटा मामा हळूच म्हणाला, “ताई, तुया दिराची काई कमजोरी सांग ना. तू त रोज पायतं त्याले.”

“सांगतो ना,” आई म्हणाली. “त्याले मीठ जास्त चालत नाई. जेव गुमान.”

सगळे हसले. विषय संपला. पण माझ्यासाठी तो संपला नव्हता. मामा हात धुवायला मागं गेले तेव्हा पाण्याचा तांब्या मीच धरला होता. कप्तान मामाच्या हातावर पाणी टाकता टाकता मी सांगून टाकलं. उजवा हात मांडीला, मग डावीकडं. एवढंच. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि “बरं” म्हणाला. मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं. मग मी घरात गेले आणि आईच्या मागं लागले.

“आई, आज तू चल.”

“मी काय करू तिथं?”

“शेवटचं आहे म्हणतात ना? चल.”

तिनं चूल विझवली, साडी बदलली आणि आली. शेजारची काकू तिला पाहून सरकली. “काय वं बाई, आज सूर्य कुठून निघाला?”

“तुमच्याच घरावरून निघाला,” आई म्हणाली आणि बसली.

काकानं पहिल्याच चढाईत दोन गुण घेतले. गाव ओरडलं. आईचे हात मांडीवर होते. मग कप्तान मामानं एक गुण आणला आणि आईनं टाळी वाजवली. बायकांनी वळून पाहिलं. या वेळी तिनं हात पदराखाली घेतले नाहीत. काकू म्हणाली, “वाजव बाप्पा, माहेर हाय.” आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

काका पुन्हा चढाईला गेला. हात मांडीला पुसला, डावीकडं वळला, आणि कोपऱ्यावरचा मामा आधीच तिथं वाकलेला होता. घोटा पकडला. “अरे बाप्पा!” भोंग्यावर. आई टाळी वाजवत उठलीच. थोड्या वेळानं काका परत आत आला, चढाईला गेला आणि पुन्हा तस्साच पकडला गेला. आईनं टाळीसाठी हात उचलले होते. ते तसेच राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चुन्याच्या रेषेकडं बघत राहिले.

तिसऱ्यांदा काका पकडला गेला तेव्हा तो मातीत बसून आपल्या हाताकडं पाहत होता, जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा आहे. आमच्या बाजूची पोरं ओरडत होती, “म्हातारा झाला बे कप्तान!”  आईची टीम आमच्या गावाच्या पुढं होती, बारा वर्षांत पहिल्यांदा, आणि ती टाळी वाजवत नव्हती.

शेवटचं मिनिट. माहेर एका गुणानं पुढं. शेवटची चढाई, काकाची. तो रेषा ओलांडून आत गेला आणि माझी आई उभी राहिली. पूर्ण गावासमोर ती ओरडली,

“भाऊजी! हात पुसू नका!”

गुरुजी माईकवर बोलायचे थांबले. काका ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतच होता, पण त्यानं ऐकलं, ते त्याच्या मानेवरून कळलं. त्यानं हात मांडीला पुसला. मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा. मामा डावीकडं झेपावले. तो उजवीकडं वळला, दोघांना शिवला आणि धडपडत मधल्या रेषेवर येऊन पडला.

दोन गुण. आमचं गाव एका गुणानं जिंकलं.

संध्याकाळी सगळे घरी होते. मामा ओसरीवर बसले होते. काका कोपराला हळद लावत होता. कप्तान मामा शेवटी म्हणाला, “ताई, आपल्याच टीमले पाडलं तू.”

माझ्या तोंडून निघालं, “मी सांगितलं होतं त्यांना.” आवाज इतका बारीक होता की पुन्हा सांगावं लागलं. काकाचा हळदीचा हात थांबला.

“मले मालूम झालं तवाच,” आई म्हणाली. मग ती कप्तान मामाकडं वळली. “हे पोरगी हाय. हिले नाई समजलं. तुमी कावून ऐकलं?”

मामा मान खाली घालून म्हणाला, “जिंकाचं होतं ताई. तुयासाठीच.”

“मीही तुझ्यासाठीच,” मी म्हटलं.

“माह्यासाठी?” आई म्हणाली. “मले इचारलं का कोनी?”

ती आत गेली आणि बाहेर येईपर्यंत तिच्या हातात भाकरीची टोपली होती. बोलली ती वाढता वाढताच, कोणाकडंही न पाहता. “मले पायजे होतं जिंकलेलं. खूप पायजे होतं. पन मी घरी बसून ज्याचा दम मोजतो, त्याची खोड माह्याच घरातून जाते अन् मी टाळ्या वाजवतो? त्या टाळीले काय अर्थ हाय?”

काका म्हणाला, “वहिनी, तुमी नेमक्या कोनाकडून होत्या?”

“तुमी आधी जेवा.”

“नाई, सांगाच.”

“माहेराकडून,” आई म्हणाली. “शेवटपर्यंत. आताबी.”

तेव्हा कुठे मामांच्या बाजूनं पहिलं हसू आलं. धाकटा मामा म्हणाला, “मंग ताई, आपली असून असं करतं, त दुश्मन कसा असते?” आणि त्यानं भाकरीला हात घातला. त्यानंतर भाकरी कमी पडल्या.

मामा त्या रात्री गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता, आमचं गाव आणि यवतमाळकडची एक टीम. पुण्याला जाणाऱ्या तिघांनी फोन करून एक दिवस वाढवून घेतला. मैदानावर दहाही मामा काकाच्या बाजूनं ओरडायला बसले होते, आणि त्याला डावीकडून जायचं की उजवीकडून हे मोठमोठ्यानं सांगत होते. ते ऐकून काका वैतागला होता.

आई माझ्याआधी तयार झाली होती. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत तिनं जागा धरली. मी शेजारी बसले. कालचं मनातून गेलं नव्हतं, म्हणून थोडं अंतर ठेवूनच बसले. तिनं मला दंडाला धरून जवळ ओढलं.

मी विचारलं, “आज कसं वाटतं?”

“आज काय,” ती म्हणाली. “आज एकाच घराचं मानूस खेयून राहिलं. आज टाळी वाजवाले काई इचार कराले लागत नाई.”

आणि काका अजून मैदानात उतरायचा होता तेव्हाच तिनं वाजवायला सुरुवात केली.