टायरवरचे घाव

आमच्या जिममध्ये शैलाताई रोज सकाळी जमिनीवर आडव्या टाकलेल्या ट्रकच्या टायरवर घण घालतात. पन्नाशीची बाई दातओठ खाऊन असे घाव घालते की पायाखालची फरशी हादरते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून मागेच सरकले होते.

तेव्हा मी दोन महिने लिंबूपाणी आणि काकडीवर काढले होते. वजन उतरलं होतं, पण जिना चढताना पाय लटपटत. शैलाताईंनी घण माझ्या हातात दिला. तो मला गुडघ्यापर्यंतही उचलता आला नाही.

"खातेस काय गं तू?"

मी सांगितलं तशा त्या भडकल्याच. "उपाशी ठेवलंस की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. मीही हेच केलं. नवरा चारचौघांत म्हैस म्हणायचा, आणि त्याचा राग मी माझ्याच पोटावर काढायचे. आता दोन अंडी खाते, वाटीभर उसळ खाते आणि राग इथे काढते."

त्यांनी पुन्हा घण घातला.

आपण स्वतःला किती निर्दयपणे मारतो! वळ उठत नाहीत म्हणून कुणी अडवत नाही. उलट "बारीक झालीस हं" म्हणून कौतुकच होतं.

घरी येऊन मी ओट्याशी उभ्यानेच वाटीभर घट्ट वरण खाल्लं. सासूबाईंनी विचारलं, "डाएट मोडलं वाटतं?"

"हो," मी म्हणाले, आणि डोळे पुसून वाटी पुन्हा भरून घेतली.