मोत्याला मारलेली हाक

तव्यावर नाचणीची भाकरी जरा करपली, की मला मोत्या आठवतो. भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. जत्रेत कुत्र्यांची शर्यत होती आणि आम्ही त्याला घेऊन हिर्डोशीहून चालत गेलो होतो. करपलेला तुकडा दाखवून, लांबून हाका मारून मीच त्याला पळायला शिकवलं होतं. पण शेवटच्या रेघेवर उभं राहून हाक मारायची ती पुरुषांनी. तिथं आबा, माझे वडील, उभे राहिले. मला दोरापलीकडं बायकांत बसवलं.

मोठ्या लोकांच्या शिकारी कुत्र्यांना मागं टाकून मोत्या पुढं आला. आबा "यूऽ यूऽ" करू लागले, तसा तो गोंधळून थांबला. मला राहवेना. पदर खोचून मी ओरडले, "मोत्याऽऽ, हितं!"

दोर ओलांडून तो थेट माझ्या अंगावर आला. शर्यत गेली. लोक हसले.

"लाज न्हाई वाटत? एवढ्या माणसांत वरडतीस?" आबा म्हणाले.

"रेघेवर मला हुबं केलं असतं, तर जिंकला असता."

परतताना घाटात मी गुपचूप रडले. हरलो ते माझ्यामुळंच, असं वाटत होतं. आता रडू येत नाही, राग येतो. पुन्हा शर्यत लागली तर मी तशीच ओरडेन. फक्त रेघेवर उभी राहून.